धुऱ्यावरचा माणूस

बसा.

वावराच्या धुऱ्यावर, बोरीखाली. जागा फार साफसूफ करू नका. एखादा खडा टोचला तर टोचू द्या.

थंडीचे दिवस आहेत. चिखलीहून मेहकरकडे जाणारा रस्ता मागे कुठेतरी राहिला आहे. त्याचा आवाज इथवर येत नाही. समोर तूर उभी आहे, शेंगांनी वाकलेली. तिच्या पलीकडे हरभरा, अजून बुटका. पानांवर दहिवर आहे. काळी माती तळव्याला गार लागते.

श्वास आत येऊ द्या. जाऊ द्या.

खिशातला मोबाइल काढा. चालू करू नका. काळ्या काचेत आभाळ दिसतं, ते बघा. तळहातावर त्याचं वजन घ्या.

थोडा वेळ एवढंच.

आता ऐका.

विहिरीकडून हाक येते. “गजाऽऽ!” बाईचा आवाज. न्याहारी आली आहे. हाकेचा शेवट लांबतो, तुरीच्या शेंड्यांवरून येतो, येता येता पातळ होतो.

गजा तिसऱ्या वावरात आहे. त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.

तुमच्यापासून वीस पावलांवर, याच धुऱ्यावर, एक माणूस गवत कापतो आहे. तो मान वर करतो. वळतो. तीच हाक पुढे देतो. “गजाऽऽ!” आपलं काही त्यात घालत नाही. कोण बोलावतं, कशाला बोलावतं, विचारत नाही. पुन्हा वाकतो.

या माणसाकडे बघत राहा. आज आपल्याला दुसरं कुठे जायचं नाही.

मोबाइल अजून हातातच आहे. त्याच्या आतही हाका आहेत.

एक ॲप म्हणजे हजारो छोटी कामं. एक काम अक्षर काढतं, एक तारीख लिहितं, एक चित्र उलगडतं. प्रत्येक काम आपापल्या वावरात. एकाला दुसऱ्याची गरज पडली की ते हाक मारतं. इंजिनिअर मंडळी याला फंक्शन कॉल म्हणतात. कॉल म्हणजे तरी काय, हाकच की.

तुम्ही काचेला बोट लावता, आणि आत हाकांवर हाका सुटतात. आवाज कसलाच नाही.

ही एक हाक जवळून बघू या. अगदी जवळून.

हात लांब करा. तुरीच्या आठ शेंगा तोडा. अशा निवडा की प्रत्येकीत चार दाणे असतील. धुऱ्यावर ओळीनं मांडा. सोलायची घाई नको. अंगठ्यानं एकेक उघडा.

आठ शेंगा, बत्तीस दाणे. बहुतेक मोबाइलमध्ये एआरएम जातीचा प्रोसेसर असतो. त्याच्या 32 बिटांच्या मूळ बोलीत एक हाक नेमकी एवढीच मोठी असते. दाणा म्हणजे बिट. हा प्रोसेसर पहिल्यांदा चालला तो 1985 साली, इंग्लंडमधल्या केंब्रिजला. हाकेचं माप तेव्हापासून हेच आहे.

पहिली शेंग सांगते, केव्हा. दुसरी सांगते, काय करायचं: हाक मार आणि परतीचा पत्ता लिहून ठेव.

उरल्या सहा शेंगा. चोवीस दाणे. त्या सगळ्या मिळून एकच गोष्ट सांगतात, किती दूर.

त्या सहा शेंगांवरून बोट फिरवा. डावीकडून उजवीकडे. सावकाश.

चोवीस दाण्यांत मावतं तेवढंच अंतर. पुढे 32 मेगाबाइट, मागे 32 मेगाबाइट. त्यापलीकडे कितीही निकड असली तरी हाक जात नाही. आपल्याकडे कोणी जवळ राहत असलं की म्हणतात, हाकेच्या अंतरावर आहे. प्रोसेसरचंही हाकेचं अंतर असतं, आणि ते दाणे मोजून ठरलेलं असतं.

2011 साली जाहीर झालेल्या 64 बिटांच्या बोलीत ओळ तीच, आठ शेंगांची. तिथे हाकेला केव्हा हे विचारतच नाहीत. काय करायचं ते सहा दाण्यांत आटोपतं, अंतराला सव्वीस उरतात. हाक 128 मेगाबाइटपर्यंत जाते. दोनच दाणे वाढले आणि वावर चौपट झालं.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता मला आवडणारी गोष्ट.

हाक लिहिणाऱ्याला गजा कुठे आहे ते ठाऊक नसतं. प्रोग्रामचे तुकडे वेगवेगळे तयार होतात. हाक लिहिली जाते तेव्हा समोरचं काम कोणत्या वावरात पडणार, हे ठरलेलंच नसतं. म्हणून त्या सहा शेंगा मोकळ्या ठेवतात आणि शेजारी एक चिठ्ठी. इथे नंतर भर.

सगळ्यांच्या शेवटी लिंकर येतो. लिंकर हाही एक प्रोग्रामच. तो वावराला वावर लावतो, सगळ्यांच्या हद्दी ठरवतो, मग चिठ्ठ्या वाचत प्रत्येक हाकेपाशी थांबतो. अंतर मोजतो. मोकळ्या शेंगा भरतो.

आणि एखाद्या हाकेपाशी त्याला कळतं, ही पोचत नाही.

इथे थांबा. ही पोचत नाही.

हाक मोठ्यानं मारता येत नाही. दाणे वाढत नाहीत. तेव्हा लिंकर मधल्या धुऱ्यावर एक माणूस उभा करतो. जाणकार त्याला व्हेनीर म्हणतात, कोणी थंक म्हणतात. मी धुऱ्यावरचा माणूस म्हणतो.

हा माणूस फक्त तीन ओळींचा असतो. 64 बिटांच्या बोलीत त्या तीन ओळी म्हणजे बारा बाइट. पहिली ओळ म्हणते, गजा त्या अंगाला. दुसरी म्हणते, नेमका तिथे. तिसरी म्हणते, जा.

त्या अंगाला. नेमका तिथे. जा.

श्वासाबरोबर एकदा म्हणून बघा.

खांदे वर आले असतील. खाली येऊ द्या.

हाक पोचवायची दुसरी एक जुनी, सावध रीत आहे. सगळेच दूर आहेत असं धरून चालायचं. प्रत्येक हाकेआधी पूर्ण पत्ता गोळा करायचा, मग निघायचं. कोणी चुकत नाही. पण चार सरी पलीकडे बसलेल्यालाही निरोप्या पाठवायचा, असा तो प्रकार. ओळी वाढतात, जागा जाते, प्रत्येक वेळी थोडा उशीर होतो. थोडाच. पण हाका किती आहेत ते आपण पाहिलं.

म्हणून लिंकर सुधारणारे लोक एक साधी गोष्ट शिकवतात. आधी मोज. जवळ असेल तर सरळ हाक मार. दूर असेल तरच माणूस उभा कर. एकाच गजाला चौघं बोलावत असतील आणि चौघांनाही तो माणूस ऐकू येत असेल, तर एकच पुरे.

काही प्रोसेसरांवर लिंकर लांब रीतीनं लिहिलेली हाक पाहतो, अंतर थोडंच आहे असं त्याला दिसतं, आणि तो ती आखूड करतो. या कामाचं नाव रिलॅक्सेशन. शिथिल होणं. हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण चपखल आहे. जपानच्या रेनेसास कंपनीच्या एसएच प्रोसेसरांत सरळ हाकेला बाराच दाणे मिळतात. ती चार किलोबाइटवर संपते. तिथे हे शिथिल होणं फार कामी येतं. त्या प्रोसेसरांसाठी लागणारी ग्नू साधनं पुण्याच्या केपीआयटी कंपनीतली माणसं बांधायची आणि फुकट द्यायची. त्यात लिंकरही असायचा. म्हणजे आपल्याच बोलीत चहा मागणारी माणसं कधीकाळी या दाण्यांवर वाकून बसलेली होती.

पुन्हा धुऱ्याकडे बघा.

माणूस उभा राहिला की त्याला जागा लागते. बारा बाइट का होईना. तेवढी पलीकडची वावरं सरकतात. सरकली की काल हाकेच्या अंतरात असलेलं कोणीतरी आज बारीकसं बाहेर जातं.

मग पुन्हा मोजायचं.

आणखी एक माणूस. आणखी थोडं सरकणं. पुन्हा मोजायचं.

लिंकर अशा फेऱ्या घालतो. एकदा उभा केलेला माणूस सहसा परत काढत नाही. काढला, तर मोजणं कधी संपायचंच नाही. अखेर एक फेरी अशी येते की नवा माणूस लागत नाही. काही सरकत नाही. सगळ्या हाका पोचतात.

त्या शेवटच्या फेरीसारखा एक श्वास घ्या. ज्यात काही हलवायचं नाही.

याहून जुना, गावठी उपायही आहे, आणि मला विचाराल तर तोच खरा. ज्यांना एकमेकांना सारखं बोलवावं लागतं त्यांना शेजारी बसवायचं. लिंकर हेही शिकला आहे. कोण कोणाला किती वेळा हाक मारतं याची टिपणं त्याला दिली की वावरं लावतानाच तो सोबत्यांना लगतची वावरं देतो. मग धुऱ्यावर कोणी लागतच नाही.

वारा आला. तूर हलली. तिला हलू द्या.

आपल्या जिल्ह्यात माणूस भेटला की पहिला प्रश्न, घाटावरचे की घाटाखालचे? राजूर घाट उतरून मलकापुराकडे गेलं की बोली जराशी बदलते. एआरएम प्रोसेसरलाही असा एक घाट आहे. 1994 मध्ये त्याला दुसरी, आखूड बोली मिळाली, थम्ब नावाची. निम्म्या लांबीचे शब्द, म्हणून कमी जागा. 1997 च्या नोकिया 6110 मध्ये असाच दुबोली प्रोसेसर होता. त्या बोलीतली हाक आज 16 मेगाबाइट जाते, आणि मोठ्या ॲपची वावरं याहून लांब पसरतात. काही हाका घाट उतरताना आपली बोली आपणच बदलतात. काहींसाठी लिंकर घाटातही एक माणूस ठेवतो.

तोही तसाच. ऐकतो, वळतो, पुढे देतो.

आता त्याचे हात बघा.

पत्ता धरायला त्याला एक हात मोकळा लागतो. प्रोसेसरमध्ये पत्ते धरायच्या जागा मोजक्याच असतात. 64 बिटांच्या बोलीत त्यांपैकी सोळा आणि सतरा क्रमांकाच्या दोन, एक्स-सोळा आणि एक्स-सतरा, अशा माणसांसाठी नियमानंच राखलेल्या आहेत. हाकेच्या वाटेवर तिथे आपलं काही ठेवायचं नाही, असा सगळ्यांचा करार.

आणि एक्स-तीस. तिथे परतीचा पत्ता असतो. हाक कुठून निघाली ते विहिरीचं ठिकाण.

धुऱ्यावरचा माणूस त्याला हात लावत नाही.

हे फार हळू वाचा. तो परतीच्या पत्त्याला हात लावत नाही. आपण मध्ये होतो, याची खूण कुठे ठेवत नाही.

जाताना अंतर सव्वीस दाण्यांत बसवावं लागलं होतं. परतीच्या जागेला दाण्यांचा तुटवडा नाही. एक्स-तीसमध्ये चौसष्ट दाणे मावतात. पूर्ण पत्ता. म्हणून गजाचं काम संपतं तेव्हा त्याला मधल्या कोणाची गरज पडत नाही. त्याला पुन्हा धुरा गाठावा लागत नाही.

डोळे मिटा, वाटलं तर. पावलं ऐका.

सुकलेल्या पानांचा आवाज. तिसऱ्या वावरातून कोणी येतं आहे. गजा हाकेला ओ देत नाही, चालतच येतो. पायजमा गुडघ्यापर्यंत दहिवरानं भिजलेला. तो सरी ओलांडत तिरपा जातो. विहिरीकडे, सरळ.

धुऱ्यावर विळा चालू आहे. गवताचा एक पेंडा बांधून झाला आहे, दुसरा अर्धा.

तुमच्यासमोर आठ शेंगा उघड्या पडल्या आहेत. दाणे हिरवे आहेत, ओलसर आहेत. एक तोंडात टाका.