सुई आणि प्रार्थना

जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून गोधडीला धावदोरा घालीत जाणाऱ्या स्त्रीचे मन हळूहळू निवत जाते, हे खरे. टाके सारखे पडू लागले की श्वासही संथ होतो. म्हणून कित्येकजण शिवणालाच ध्यान म्हणू लागले आहेत. मला ही घाई वाटते. मन स्वस्थ झाले म्हणजे ते देवापाशी पोचलेच, असे कसे म्हणावे?

इजिप्तच्या वाळवंटातील संत अंतोनी (मृत्यू इ. स. 356) यांची एक आख्यायिका आहे. औदासीन्याने ग्रासले असता त्यांना एक देवदूत दिसला. तो बसून दोर वळी, मग उठून प्रार्थना करी आणि पुन्हा दोर वळायला बसे. कामाने प्रार्थनेला आधार दिला, तिची जागा घेतली नाही.

यापोची दुर्कस शिवताना किती शांत असे, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ (अध्याय 9) सांगत नाही. ती वारल्यावर विधवांनी रडत रडत पेत्राला दाखविले, ते तिने शिवलेले अंगरखे.

घरात पांघरणारे कोणी न उरलेल्या एकाकी वृद्धेला हा निकष कठोर वाटेल. तिने शिवीत राहावे. तिची गोधडी जिथे हवी आहे ते घर शोधणे, हे आम्हा धर्मग्रामवासीयांचे काम आहे.