बाग राखायची, ती कोणाच्या वाट्याची?

‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्याच पुस्तकात माणसाला दोन निरनिराळी कामं नेमून दिलेली दिसतात. पहिल्या अध्यायात त्याने पृथ्वीवर सत्ता चालवायची आहे, तर दुसऱ्यात एदेन बागेची मशागत आणि राखण करायची आहे. माणूस धनी की राखणदार, हा पेच तिथूनच सुरू होतो. ख्रिस्ती परंपरेत बागकाम ही साधना कशी झाली, याचा मागोवा घेऊ लागलं की हा पेच पदोपदी आडवा येतो.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासींसाठी जी नियमावली केली, तीत प्रार्थनेइतकंच हातांच्या कामालाही वेळापत्रकात स्थान होतं. शेतात राबणं हे गुलामांचं काम, असं मानणाऱ्या जगात भक्ताच्या हाती खुरपं आलं. तेराव्या शतकात असिसीकर संत फ्रान्सिसने आणखी एक पाऊल टाकलं. मठाच्या बागेचा थोडा भाग न लावता सोडावा, तिथे रानफुलं आपली आपण उगवू द्यावीत, अशी त्याची सूचना त्याच्या चरित्रकाराने नोंदवली आहे. माणसाच्या उपयोगाचं नसलेलंही बागेत असावं, हा विचार त्यात होता. पुढे मिशनरी विल्यम केरी आले. मराठी वाचक त्यांना 1805 साली छापलेल्या मराठी व्याकरणामुळे ओळखतो. याच केरींनी 1820 मध्ये बंगालमध्ये कृषी व उद्यान संस्थेचा पाया घातला.

या साऱ्यात श्रमाला मान होता, सृष्टीबद्दल आदर होता. पण बाग कोणाच्या मालकीची आणि त्यातलं पीक कोणाच्या ताटात, हा प्रश्न मागेच राहिला होता. महाराष्ट्रात तो पंडिता रमाबाईंच्या कामातून पुढे आला. 1889 साली त्यांनी विधवांसाठी सुरू केलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतून मिळणारी मदत दहा वर्षांपुरती होती. पुढे फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी, या हिशेबाने रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली. मग 1896-97 चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली आणि विधवा या जमिनीवर राहू लागल्या, आणि इथेच मुक्ती मिशन उभं राहिलं. घरातला घासही जिला उपकार म्हणून मिळत होता, ती आता स्वतः पिकवलेलं खाऊ लागली. रमाबाईंची बाग अशी व्यवहारातून उभी राहिली, आणि न्यायाची भाषा त्या व्यवहारातच होती.

वसईत प्रश्न राखणीचा होता. इथल्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या वाड्यांत केळी, पानवेली आणि फुलझाडं एकमेकांच्या आधाराने वाढतात. पावसाचं पाणी बावखलात, म्हणजे वाडीजवळच्या तळ्यात, साठतं आणि सावकाश जमिनीत मुरतं. म्हणून समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरीचं पाणी गोडं राहतं. बावखल बुजवलं, टँकरने विहिरी उपसल्या, की खारं पाणी आत शिरतं आणि वाडी मुळापासून जाते. हरित पट्ट्यावर बिल्डरांची नजर पडली, तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीचं नेतृत्व करत रस्त्यावर उतरले. धर्मगुरूने वेदीपाशी थांबावं, असं म्हणणाऱ्यांना त्यांच्या कामाने उत्तर दिलं: राखण करायला सांगितलं असेल, तर लुटणाऱ्याला अडवणं हा त्या कामाचाच भाग. पोप फ्रान्सिस यांचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक 2015 मध्ये आलं. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगळे काढता येत नाहीत, हे त्याचं सूत्र. वसईकरांना ते नवीन वाटायचं कारण नव्हतं.

पण वसईकराकडे राखायला वाडी तरी होती. पंजाबातल्या मोहालीत हा विचार अडखळतो. शेतजमिनीवर आखलेल्या या शहराच्या सेक्टरांत कोठीपुढची हिरवळ नीटस असते. आजूबाजूच्या पंजाबातले बहुसंख्य ख्रिस्ती मात्र भूमिहीन दलित कुटुंबांतून आलेले. पंजाबात गावच्या सामाईक लागवडयोग्य जमिनीचा, म्हणजे शामलातीचा, एक तृतीयांश हिस्सा अनुसूचित जातींना खंडाने देण्यासाठी राखीव असतो. पण 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीची ओळख धर्माशी बांधलेली आहे. त्यात 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचा गहू कापणाऱ्या माणसाला मशागत शिकवावी लागत नाही. त्याला कमी आहे ती जमीन. त्याच्यापुढे कुंडीतल्या तुळशी-पुदिन्याचं अध्यात्म सांगणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं.

बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकाचा रोख याच माणसाकडे आहे. शेताच्या कडा कापू नका, त्या गरिबाच्या आणि परक्याच्या. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्या. पन्नासाव्या वर्षी ती मूळ कुटुंबाकडे परत जाऊ द्या. कारण जमीन देवाची आणि माणसं तिच्यावरची कुळं. या हिशेबाने धनी की राखणदार, हा पेच सुटतो, पण सोय होत नाही. कुळाला मालकाचा शब्द पाळावा लागतो. देशभर चर्चच्या आणि मिशनच्या ताब्यात मोकळी आवारं आहेत. तिथे गुलाबांचे ताटवे फुलवावेत की भूमिहीन कुटुंबांना भाजीचे वाफे लावायला द्यावेत, याचा निर्णय घ्यायला कोणत्याही आदेशाची वाट पाहावी लागत नाही.