आधी टेप लाव, मग तोंड उघड

बसू नकोस. उभाच राहा आणि ऐक.

काल निफाडकडचे एक शेतकरी वर्कशॉपला आले होते. दोन एकर द्राक्षबाग, बाजूला थोडी मोकळी काळी जमीन आणि कर्ज काढून घेतलेला २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर. त्या ट्रॅक्टरला तू पाच फुटी रोटाव्हेटर विकलास. पहिल्याच हंगामात क्लच प्लेट जळली. शिअर बोल्ट पुन्हापुन्हा तुटला. बांधाशी वळताना अवजार उचललं की पुढची चाकं जमीन सोडायला लागली. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "तुमच्याकडंच शिकलेल्या पोरानं सांगितलं, म्हणून घेतला," एवढंच म्हणाले. आता तू मला सांग, वर्षभर इथं काय शिकलास?

"सर, त्यांनीच पाच फुटी मागितला." हे उत्तर पुन्हा माझ्यासमोर द्यायचं नाही. त्यांनी मागितला, कारण शेजारच्याकडं पाच फुटी चालतो. शेजारच्याचा ट्रॅक्टर ४५ एचपीचा आहे, हे विचारायचं काम कुणाचं होतं? त्यांचं? त्यांना सगळं ठाऊक असतं तर ते तुझ्या दुकानाची पायरी चढलेच नसते. मागेल ते काढून द्यायला किराणा दुकानातला पोरगा पुरतो. तुझ्या हातात मेकॅनिक ट्रॅक्टरचं सर्टिफिकेट आहे. ते भिंतीला लटकवायला दिलेलं नाही.

"२४ एचपी आहे की, ओढेल." काय ओढेल? रोटाव्हेटर ओढायचा नसतो, फिरवायचा असतो. तो इंजिनाच्या एचपीवर फिरत नाही, मागच्या पीटीओ शाफ्टवर जेवढी शक्ती पोचते तेवढ्यावर फिरतो. बॉनेटवर रंगवलेला आकडा इंजिनाचा. पीटीओचा आकडा आतल्या पानावर बारीक अक्षरात असतो, आणि तू ते पान उघडलंच नाहीस. दोन ट्रॅक्टर २४ एचपीचेच, पण एकाच्या पीटीओवर २२ एचपी मिळते आणि दुसऱ्याच्या पीटीओवर १७ च्या आसपास, असं घडतं. पाच एचपीचा फरक मिनी ट्रॅक्टरला थोडा वाटतो का तुला? माहितीपत्रकावर विश्वास नसेल तर मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांची चाचणी होते. तिच्या अहवालात पीटीओची शक्ती, हायड्रोलिकची उचल, सगळं मोजून छापलेलं असतं. कंपनीकडून मागव आणि वाच.

आणि साधा भागाकार तरी करायचास. पाच फुटी रोटाव्हेटरला साधारण ३५ एचपीचा ट्रॅक्टर लागतो, हे तुझ्या दुकानात झाडू मारणाराही सांगेल. म्हणजे फुटाला सात एचपी. २४ ला सातानं भाग. साडेतीन फुटाच्याही जरा आतच येतं. जमीन हलकी, मुरमाड असती तर थोडं पुढंमागं चाललं असतं. तिथं तर भारी काळी आहे. वाफसा जरा चुकला की माती पात्यांत गच्च बसते आणि रोटरवरचा भार वाढतो. पाच फुटाचा हिशेब तू कुठून आणलास?

आता "उचलतोय ना सर" असं म्हणशील. फळा पुस, खडू घे आणि मी सांगतो तसं मांड. ट्रॅक्टरचं वजन ८०० किलो धर. त्यातलं ३२० किलो पुढच्या चाकांवर. दोन एक्सलमधलं अंतर दीड मीटर. पाच फुटी रोटाव्हेटर ३८० किलोचा धर, आणि उचलला की त्याचं वजन मागच्या एक्सलच्या सव्वा मीटर मागं, चल, १.२ मीटर मागं धर. ३८० गुणिले १.२, भागिले १.५. किती आले? ३०४ किलो. म्हणजे उचलताक्षणी पुढच्या चाकांवरून ३०४ किलो कमी झाले. उरले १६. सोळा किलोवर स्टिअरिंग चालतं का रे? ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या निदान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, हा नियम तुझ्या वहीत तुझ्याच अक्षरात आहे. म्हणजे इथं १६० किलो. आता ३८० पुसून २०० किलोचा लहान रोटाव्हेटर मांड. १६० गेले, १६० उरले. बरोबर काठावर बसतो.

हायड्रोलिकची उचल ७५० किलो आहे, हे मलाही माहीत आहे. ती उचल लोअर लिंकच्या टोकाशी मोजलेली. अवजाराचं वजन त्याच्याही मागं असतं, म्हणून ६१० मिलिमीटर मागं मोजलेला आकडा बघायचा असतो. आणि हायड्रोलिक उचलेल म्हणून ट्रॅक्टर तोल सांभाळेल, असं कुठं लिहिलंय? बांधाच्या कडेला, उतारावर, पुढची चाकं अधांतरी असताना त्या सीटवर माणूस बसलेला असतो. त्याचं घरदार त्याच्यावर असतं. हे विसरून ज्याला आकडे वाचता येतात, त्यानं अवजाराच्या धंद्यात राहू नये.

पिनचं तर मला सांगायलाही लाज वाटते. त्या ट्रॅक्टरची लिंकेज कॅटेगरी एकची. लोअर लिंकमध्ये २२ मिलिमीटरची पिन बसते. तू दिलेल्या रोटाव्हेटरच्या पिना कॅटेगरी दोनच्या, २८ मिलिमीटर. त्या बसत नव्हत्या. तिथंच थांबायचं होतं! हे अवजार माझं नाही, असं ट्रॅक्टर स्वतः सांगत होता. तू काय केलंस? पिना लेथवर नेऊन २२ ला उतरवल्यास. २८ ची पिन २२ ची केली की वाकणं सोसायची तिची ताकद निम्म्यावर येते. वजन मात्र पाच फुटाचंच राहिलं. खोंडाच्या मानेवर पोक्त बैलाचं जू बसत नाही म्हणून मानच तासावी, असलं हे काम.

आणि शिअर बोल्ट तुटतो म्हटल्यावर तू त्यांना हाय टेन्साइल बोल्ट दिलास. का? शिअर बोल्ट तुटण्यासाठीच असतो. दगड लागला, भार वाढला, तर काही रुपयांचा बोल्ट जावा आणि गिअरबॉक्स वाचावा म्हणून तो मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो. तो वारंवार तुटतो याचा अर्थ अवजार झेपत नाही. तू तक्रार करणाऱ्याचंच तोंड बांधलंस. आता पुढचा दणका थेट गिअरबॉक्सला बसेल, आणि त्याचं बिल तुला येणार नाही.

"रुंद अवजारानं वेळ वाचतो." वाचतो, इंजिन दमलं नाही तर. साडेतीन फुटी रोटाव्हेटर घेऊन तो ट्रॅक्टर ताशी तीन किलोमीटरनं जातो असं धर. साडेतीन त्रिक साडेदहा. पाच फुटी लावल्यावर तो दोनवर येतो. पाच दुणे दहा. वाचलं काय? उलट इंजिन बसलं की पीटीओचे ५४० फेरे टिकत नाहीत, पाती मंद फिरतात, ढेकळं तशीच राहतात. मग ड्रायव्हर खोली कमी करतो, वरवर खरवडतो, आणि तेच शेत पुन्हा एकदा हाणतो. डिझेल दुप्पट, माती अर्धीमुर्धी. बागेत तर त्याहून वाईट. दोन ओळींत नऊ-दहा फूट अंतर दिसतं म्हणून पाच फूट आरामात जाईल असं तुला वाटलं. वेलीची मुळं त्या अंतरात पसरलेली असतात. ठिबकची नळी असते. ओळीच्या टोकाला अँगलचे ताण असतात, आणि वळायला जागा तेवढीच. हे बघायला तू त्या बागेत पाय ठेवला होतास का?

रुंदी ठरवायची ती मागच्या चाकांवरून. एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत टेप लावायचा. अवजारानं तेवढी पट्टी झाकली आणि दोन्हीकडं दोन-तीन इंच पुढं आलं, की चाकांनी दाबलेली माती मोकळी होते. मिनी ट्रॅक्टरची ही रुंदी बहुधा तीन-साडेतीन फुटांतच असते. यापेक्षा जास्त फूट हे दुकानदाराच्या फायद्याचे.

आणि उद्या कुणी लेव्हलिंगची फळी किंवा बॉक्स ब्लेड मागायला आला तर तिथं हाच भागाकार ठोकून मोकळा होऊ नकोस. तिथं पीटीओचा संबंध नाही. तिथं ट्रॅक्टर माती ओढतो, आणि ओढ येते टायरच्या पकडीतून, म्हणजे ट्रॅक्टरच्या वजनातून. रुंदी चाकांची पट्टी झाकेल इतकी हवीच, पण त्यापुढं फूट वाढवू नकोस, फळीचं वजन बघ. रुंद आणि हलकी फळी कडक जमिनीवरून नुसती घसरते. अरुंद आणि वजनदार फळीची धार मातीत शिरते. भरलेली फळी ओढताना चाकं जागेवर फिरायला लागली, तर फळी मोठी झाली हे समज.

अनुदानाचं कारण तर काढूच नकोस. मोठ्या मापाला अनुदानाची मर्यादा मोठी म्हणून मोठं घ्या, असा सल्ला तू दिलास ना? अनुदान एकदा मिळतं. डिझेल, क्लच प्लेट आणि बेअरिंग दर हंगामाला स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. बागायतदाराचा एक हंगाम वाया जाणं म्हणजे काय, हे नाशिक जिल्ह्यात वाढलेल्या पोराला मी सांगायचं?

तू मंद असतास तर मी एवढं बोललोच नसतो. इंजिन उघडून जोडण्यात तुझ्या बॅचला तुझ्यासारखा हात कुणाचा नव्हता. म्हणूनच राग येतो. ज्याला कळतं त्यानं न मोजता सांगितलं, तर न कळणाऱ्यानं कुणाकडं जायचं?

आता ऐक, काय करायचं ते. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांच्या बागेत जायचं. आधी माफी मागायची, मग टेप काढायचा. वहीत लिहायचं: पीटीओची शक्ती, चाकांची बाहेरची रुंदी, लिंकेजची कॅटेगरी, पुढच्या चाकांवरचं वजन, ओळीतलं अंतर, जमिनीचा प्रकार. तो हाय टेन्साइल बोल्ट तिथल्या तिथं काढून कंपनीनं सांगितलेला घालायचा. मग साडेतीन फुटी रोटाव्हेटर बदलून द्यायची तजवीज लावायची. पाच फुटी गिऱ्हाईक तालुक्यात भरपूर आहेत, तो पडून राहणार नाही. घासून खराब केलेल्या पिनांचे पैसे तुझ्या पगारातून जातील, त्यांच्या खिशातून नाही.

मालक बदलून द्यायला कुरकुरला तर मला फोन लाव, त्याच्याशी मी बोलतो. माप मात्र तूच घ्यायचंस, आणि वही परवा माझ्या टेबलावर पाहिजे. जा.