नकाशा सांगतो, चालायचं आपणच

॥ श्री गुरवे नमः ॥



हल्ली कुठेही जायचं तर मोबाईल सांगतो, 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा', आणि आपण वळतो. पोचतोही. पण वाटेत कुठली गावं लागली, नदी कुठल्या हाताला होती, हे सांगता येत नाही. सांगितलं तसं वळत जाणं ही श्रद्धा की आळस?

कागदी नकाशा बोलत नाही, त्याला चार गोष्टी विचाराव्या लागतात. पहिली दिशा. उत्तर पाहून नकाशा तसा फिरवून धरायचा. दुसरी प्रमाण. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात २ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. तिसरी सूची. निळं म्हणजे पाणी, हिरवं म्हणजे झाडी, तपकिरी समोच्च रेषा म्हणजे उंची. या रेषा दाट झाल्या की चढ-उतार तीव्र.

इंदूरहून ओंकारेश्वरचंच घ्या ना. साध्या नकाशात ती दक्षिणेकडे जाणारी छोटीशी रेघ. पण समोच्च रेषा पाहिल्या तर सिमरोलच्या पुढे त्यांची गर्दी दिसते, कारण तिथे माळव्याचं पठार सोडून नर्मदेच्या खोऱ्यात उतरायचं असतं. हे वाचता येणारा निघण्याआधीच गाडीचे ब्रेक तपासून घेतो. नुसतं अंतर बघणारा म्हणतो, "एवढंसं तर आहे!"

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आपण आत्ता कुठे उभे आहोत? छापील नकाशावर ते लिहिलेलं नसतं. देऊळ, पूल, ओढा बघून आपणच शोधायचं.

गुरुजनांचा उपदेशही असाच. 'राग आवरा' हे सर्वांना सारखंच सांगितलेलं. पण माझा राग सुनेवर निघतो की कामवाल्या बाईंवर, हे मलाच प्रामाणिकपणे पाहायला हवं.

कुणी म्हणेल, मग शरणागतीचं काय? १८०२ साली मद्रासजवळ सुरू झालेल्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात माणसांनी रानावनांतून, डोंगरांवरून हा देश मोजला. आपण तो पुन्हा मोजत बसत नाही, विश्वास ठेवतो. ती श्रद्धाच. पण पुलावरून पाणी वाहत असेल, तर नकाशात पूल आहे म्हणून कुणी गाडी घालत नाही.

लेकीचं स्थळ, घराचा व्यवहार, जावेशी धरलेला अबोला, सगळंच आपण विचारून ठरवू बघतो. विचारण्यात कमीपणा नाही. पण उद्या लेक दुःखी झाली, तर 'तसं सांगितलं होतं' म्हणून आईला हात झटकता येतील का? नाही. पाय आपले, तर जबाबदारीही आपलीच.

या रविवारी मुलांना घर ते सत्संगाची जागा असा नकाशा काढायला सांगा. उत्तर दिशा, प्रमाण, सूची, सगळं दाखवा म्हणावं. आणि आपण मोठ्यांनी दिवेलागणीला दोन मिनिटं शांत बसून चौथी गोष्ट शोधू या.

सर्वांचं कल्याण होवो.

— एक सेवेकरी ताई, इंदूर