हात कोणाचा?



‘सर्जरी’ या शब्दाचे मूळ ग्रीक ‘खेइरुर्गिया’ या शब्दात आहे. ‘खेइर’ म्हणजे हात व ‘एर्गोन’ म्हणजे काम. नव्या कराराच्या ग्रीक पाठात ‘खेइर’ वारंवार भेटतो, आणि पुष्कळदा तो आजाऱ्यावर ठेवलेला हात असतो.

‘रोबो’ची जन्मकथा निराळी आहे. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या नाटकातून हा शब्द जगभर पसरला. त्याचे मूळ ‘रोबोटा’, म्हणजे वेठबिगार. मराठीत आपण त्याचा ‘यंत्रमानव’ केला आणि वेठबिगाराच्या जागी मानव येऊन बसला. भाषांतराचे काम करणाऱ्याला हे खटकावे यात नवल नाही. परंतु इस्पितळात हा शब्द अधिक घातक ठरतो. शस्त्रक्रिया यंत्र करणार, डॉक्टर नव्हे, अशी रोग्याची समजूत होते.

वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेले ‘दा विंची’ यंत्र घ्या. शल्यविशारद रोग्यापासून काही अंतरावर बसतो, शरीराच्या आतील भाग मोठा करून त्रिमितीय पाहतो व बोटांनी मुठी फिरवतो. यंत्राचे बाहू त्याच हालचाली सूक्ष्म करून आत उतरवतात. हाताचा कंप गाळला जातो. कोठे कापावे हे यंत्र ठरवीत नाही. ओटीपोटासारख्या खोल, अरुंद जागी ही सोय मोलाची आहे. छेद लहान, रक्तस्राव कमी, आणि पुष्कळदा रोगी लवकर घरी जातो. हातावर पोट असणाऱ्याला चार दिवस लवकर उभे राहता येणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

परंतु लहान छेद म्हणजे अधिक चांगला उपचार, असे समीकरण मांडता येत नाही. गर्भाशयमुखाच्या प्राथमिक अवस्थेतील कर्करोगासंबंधी २०१८ साली एक मोठी तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली. उघड्या शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षांनी रोगमुक्त असण्याचे प्रमाण ९७.१ टक्के आढळले. लहान छेदांच्या पद्धतीत ते ९१.२ टक्के होते. या दुसऱ्या गटात बहुतेक शस्त्रक्रिया साध्या दुर्बिणीने व थोड्या रोबोने झाल्या होत्या, हे सांगितले पाहिजे. तरीही व्रण लहान राहिला आणि रोग परतला, असे घडू शकते. २०१९ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगात रोबो वापरण्याबाबत सावधगिरीची सूचना दिली.

शिवाय स्पर्शाचा प्रश्न आहेच. कुशल शल्यविशारदाची बोटे ऊतीचा कठीणपणा ओळखतात. यंत्राच्या आधीच्या पिढ्यांत ही जाणीव हातापर्यंत पोहोचत नसे. २०२४ साली मान्य झालेल्या नव्या पिढीत ताण जाणवण्याची सोय आली आहे. ही उणीव कदाचित भरून निघेल. मला अधिक चिंता वाटते ती दुसऱ्या गोष्टीची.

यंत्रासाठी कित्येक कोटी रुपये मोजलेल्या इस्पितळाला ते रिकामे ठेवणे परवडत नाही. जाहिरातीत यंत्राचे छायाचित्र ठळक असते. शल्यविशारदाने त्यावर किती शस्त्रक्रिया केल्या, हे सहसा नसते. कर्ज काढून आलेला रोगी त्या छायाचित्रावर विश्वास ठेवून संमतिपत्रावर सही करतो. ही संमती खरी म्हणावी काय? मला तसे वाटत नाही. डॉक्टरांना विचारा : ‘माझ्या आजारात या यंत्राने नेमका कोणता लाभ होईल? आपण स्वतः ही शस्त्रक्रिया किती वेळा केली आहे? अडचण आल्यास उघडी शस्त्रक्रिया कोण करील?’ असे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही.

सप्टेंबर २००१ मध्ये झाक मारेस्को या फ्रेंच शल्यविशारदांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील एका स्त्रीचे पित्ताशय रोबोच्या साहाय्याने काढले. मध्ये अटलांटिक महासागर होता. त्या अद्‌भुत प्रसंगीही स्ट्रासबर्गला, रोगी स्त्रीच्या खाटेजवळ, दुसरे शल्यविशारद सज्ज उभे होते.