डबा खाली आला की टाकी भरली

चि. सोनू,



तू पाठवलेला तक्ता पाहिला. प्रश्न, कल्पना, आराखडा, नमुना, चाचणी, सुधारणा आणि फिरून पुन्हा प्रश्न. सहा गोल, सहा बाण. देखणा आहे. मे महिन्यात गावच्या शाळेत आठवीच्या मुलांना दहा दिवस डिझाइन शिकवणार आहेस, तर हा तक्ता भिंतीवर जरूर लाव, पण दहाव्या दिवशी. पहिल्याच दिवशी लावलास तर मुलं तो वहीत उतरवून घेतील, पट्टीने खाली रेघ मारतील आणि यातलं परीक्षेला काय येणार ते विचारतील. मी २८ वर्षं वर्कशॉप शिकवलं, त्यामुळे मुलांचा हा गुण मला पाठ आहे.

तू ठरवलेला आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल आणि गच्चीवरून अंडं न फोडता टाकायचा खेळ, हे दोन्ही पहिल्या दोन दिवसांत हात मोकळे व्हायला ठीक. त्रिकोण का टिकतो आणि चौकोन का कलतो, हे काडी मोडल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. पण त्या पुलावरून कुणाला पलीकडे जायचं नसतं. तो मोडला की मुलं टाळ्या पिटतात. अंडं फुटलं तर आणखी मजा. उरलेल्या आठ दिवसांसाठी मात्र असं काम शोध, की जे बिघडलं तर कुणीतरी तक्रार घेऊन दारात येईल.

आमच्या शाळेच्या टाकीची गोष्ट सांगतो. गच्चीवर सिमेंटची टाकी, ४ फूट खोल. मोटरचं बटण खाली ऑफिसशेजारी. टाकी भरली हे कळायचं ते पाणी मागच्या भिंतीवरून धो धो वाहायला लागल्यावर. एका टंचाईच्या उन्हाळ्यात नववीच्या मुलांपुढे मी हे काम ठेवलं. एक जण तत्काळ म्हणाला, ‘सर, सेन्सर.’ मी म्हटलं, दोन दिवस काही बनवायचं नाही, नुसतं शिपाईमामांच्या मागे फिरायचं. मुलं वैतागली, पण फिरली. आणि परत आली ती वेगळंच काही घेऊन. मामा मोटर लावतात, तेवढ्यात तास संपतो म्हणून घंटा द्यायला जातात, मग नोटिशीची वही वर्गावर्गात फिरवतात आणि मोटर विसरतात. गच्चीवर चढायला गुडघे साथ देत नाहीत. म्हणजे पाणी किती चढलं हे मैदानातून चालता चालता दिसलं पाहिजे. आणि खर्च शाळा देईल तेवढाच, म्हणजे नसल्यातच जमा.

मुलांनी युक्ती काढली ती साधी. तेलाचा ५ लिटरचा रिकामा कॅन टाकीत सोडायचा. त्याला नायलॉनची दोरी, ती कप्प्यांवरून बाहेर आणायची आणि टोकाला भिंतीवर लोंबता लाल डबा. पाणी चढलं की कॅन चढेल, डबा उतरेल. कागदावर सगळं चोख. प्रत्यक्षात डब्यात खडी जास्त भरली गेली आणि तिने रिकामा कॅन वर ओढून कप्पीला नेऊन टेकवला. टाकीत पाणी असो वा नसो, डबा आपला जमिनीजवळ.

हे होणार, हे मला तासभर आधीच दिसलं होतं. मी जीभ चावून गप्प बसलो. शिकवणाऱ्याला हे फार जड जातं, तुलाही जाईल. मग एका मुलीने कॅनमध्ये वाळू घालायला सुरुवात केली, एकेक ओंजळ, आणि आहाराच्या खोलीतल्या तराजूवर दर वेळी वजन. वाळू कमी पडली तर डबा कॅनला उचलतो, फार झाली तर कॅन बुडतो. या दोन टोकांच्या मधे किती जागा आहे ते त्यांनी मोजून लिहिलं. आर्किमिडीज त्यांच्या पुस्तकात होताच, पण त्या दिवशी तो ओल्या वाळूने बरबटून वर्गात आला.

बसवल्यावर तिसऱ्या दिवशी टाकी पुन्हा वाहिली. मामांनी डबा खाली पाहिला, पाणी तळाला गेलंय असं मानलं आणि मोटर चालूच ठेवली. मुलं चिडली. ‘सर, आम्ही सांगितलं होतं ना त्यांना, डबा खाली आला की टाकी भरली!’ सांगितलं होतं, खरंच आहे. पण विहीर, रांजण, हंडा, सगळीकडे जन्मभर खाली म्हणजे कमी असंच पाहिलेला माणूस एका सूचनेने ते कसं विसरणार? कारखान्यांतल्या मोठ्या टाक्यांवरही अशीच दोरी-कप्पीची मापं असतात आणि त्यांच्या पट्टीवर आकडे उलटे रंगवलेले असतात, पूर्ण खाली, रिकामं वर. चूक कुणाची, यावर मुलांचं तासभर भांडण चाललं. मी ते थांबवलं नाही. शेवटी त्यांनी भिंतीवर खालच्या बाजूला काठोकाठ भरलेला हंडा रंगवला आणि वरच्या बाजूला आडवा पडलेला रिकामा. अक्षरं लिहायची नाहीत, हेही त्यांनीच ठरवलं, कारण मामांचा चष्मा कायम खिशात. त्यानंतर टाकी वाहिली नाही. दोरी मात्र दोन उन्हाळ्यांत कुजली आणि ती बदलायचं काम पुढच्या नववीकडे गेलं.

खरं काम देऊन शिकवायची ही रीत माझ्या डोक्यातून निघालेली नाही. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळ या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम काढला. त्याआधी ते हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधक होते. त्यांनी आखलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, जनावरं, अगदी रक्तगट तपासणीसुद्धा. आणि ही कामं गावाला पैसे घेऊन करून देतात. शाळकरी मुलांनी पैसे घ्यायचे, हे मला आधी खटकलं होतं. मग कळलं. फुकट मिळालेल्या खिडकीच्या ग्रिलला माणूस ‘छान केलंय हो’ म्हणतो. पैसे मोजलेला माणूस वेल्डिंगच्या फोडीवर बोट ठेवतो.

नुसतं पाहत फिरण्यात दोन दिवस वाया जातात असं तुला वाटेल. तेव्हा जयपूर फूट आठव. त्या काळची परदेशी पद्धतीची पावलं बुटासाठी केलेली होती. ती घालून उकिडवं बसता येत नसे, शेतात अनवाणी चालता येत नसे. कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस रबराचं पाऊल घडवलं, ते आपला माणूस बसतो कसा, चालतो कसा हे पाहून.

तू शिकवणार त्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे, थ्री-डी प्रिंटर आहे, उत्तम. वापर. पण प्रिंटर समोर दिसला की मुलांना किल्लीची साखळीच सुचते. आणि हात पुढे केला की आपोआप उघडणारा कचऱ्याचा डबा मी प्रदर्शनांत इतक्यांदा पाहिलाय की बस्स. घरी वापरताना अजून एकही दिसायचा आहे. म्हणून पाहत फिरण्याचे दोन दिवस संपेपर्यंत लॅबचं कुलूप उघडू नकोस. मुख्याध्यापक कुरकुर करतील, करू देत.

गुण द्यायचेच झाले तर वहीला दे, वस्तूला नको. वहीत खाडाखोड दिसली पाहिजे, सुंदर फेअर वही आणणाऱ्याकडून रफ वही मागून घे. पहिला फसलेला नमुना फेकू देऊ नकोस. तारीख घालून फळीवर ठेव, शेजारी दुसरा, तिसरा.

माझं हँड ड्रिल घेऊन जा. चक जरा अडकतो, तेलाचा थेंब सोड. चकच्या किल्लीला सुतळी बांधली आहे ती सोडू नकोस. तीन किल्ल्या हरवल्यावर बांधली आहे.

तुझा,
अप्पाआजोबा