दोन बाजू कुणाच्या?

मृत्युदंडाचा वाद पेटला की ‘डेड मॅन वॉकिंग’चा दाखला कुणीतरी देतोच. यंदा एका समीक्षकांनी असा निवाडा दिला, की मृत्युदंडाच्या कैद्यांना साथ देणाऱ्या सिस्टर हेलन प्रेजॉन यांचे मूळ पुस्तक एकतर्फी प्रचार आहे आणि टिम रॉबिन्सचा चित्रपट मात्र दोन्ही बाजूंना न्याय देतो. हा निवाडा मला साफ अमान्य आहे.

पुस्तक १९९३चे, चित्रपट १९९५चा. पुस्तकात कैदी दोन आहेत, पॅट्रिक सोनिए आणि रॉबर्ट ली विली. लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात १९८४ साली दोघांनाही विजेच्या खुर्चीत मारले गेले. रॉबिन्सने दोघांना मिळून एकच मॅथ्यू पाँसले घडवला. एवढ्यावर माझी तक्रार नाही. पण त्या जुळवाजुळवीत पॅट्रिकचा भाऊ एडी गळाला. एका तरुण जोडप्याच्या खुनासाठी दोघेही भाऊ दोषी ठरले होते. एडीची शिक्षा जन्मठेपेवर आली आणि मग त्याने राज्यपालांना कळवले, की गोळ्या मी झाडल्या. तरीही मेला पॅट्रिकच. चित्रपटात मात्र पाँसले शेवटी आपल्या तोंडाने खुनाची कबुली देतो आणि प्रेक्षकाच्या मनातला संशय फिटतो.

तरी इथे रॉबिन्सची बाजू घ्यायलाच हवी. निर्दोष माणसाला मारू नये, हे कुणालाही पटते. ज्याने खरोखर खून केला, त्याचे काय, हा खरा प्रश्न. खुर्चीच्या जागी रॉबिन्सने विषाचे इंजेक्शन आणले, तेही याचसाठी. पॅट्रिकचे डोके आणि पोटरी भादरून त्याला खुर्चीला पट्ट्यांनी आवळले, हे पाहून प्रेक्षकाने सुटकेचा निःश्वास टाकला असता, की ते जुने रानटी दिवस गेले. पांढऱ्या चादरीवर, नळीतून, शांतपणे मारताना तशी पळवाट उरत नाही. या एका जागी चित्रपट पुस्तकाच्या पुढे जातो, हे मी मानतो.

पण मग दोन बाजू कुणाच्या? एकीकडे कैदी, दुसरीकडे मृतांचे आईबाप. आणि मारणारे शासन? चित्रपटात ते ओझरते दिसते, पुस्तकात त्याला माणसांचे चेहरे आहेत. माफी मंडळाचा अध्यक्ष पुढे लाचखोरीत तुरुंगात जातो आणि सुटल्यावर प्रेजॉनना सांगतो, की दयेच्या अर्जांवर निर्णय घेताना राज्यपालांना राजकीय झळ पोचू नये, हे पाहिले जाई. मृत्युकोठडीवरचा एक अधिकारी त्यांना खोलीत बोलावून सांगतो, की हे काम आता माझ्याने होत नाही. ही माणसे वगळून ‘समतोल’ साधला, तर शासन परस्पर सुटते आणि भांडण उरते ते दोन दुःखी कुटुंबांचे.

त्यातही एका कुटुंबाची बाजू बदलली आहे. चित्रपटातला, खून झालेल्या मुलाचा बाप द्वेषाशी झगडतो आहे. शेवटच्या प्रार्थनेतही तो झगडा संपलेला नाही. पुस्तकातल्या बापाला जन्मठेप पुरली असती. तो मृत्युदंड पाहायला गेला तो सुडासाठी नव्हे, पॅट्रिकने क्षमा मागावी म्हणून. पॅट्रिकने ती मागितली. त्यानंतर त्याला मारण्याची गरज त्या बापाला उरली नव्हती. ती कुणाला होती, हे समीक्षकांनी पुस्तक पुन्हा उघडून सांगावे.